चौथा खिळा

आमच्या स्टुडिओत वाटाणा म्हणजे खायचा वाटाणा नव्हे. नटांच्या कानात बसवायचं इवलंसं यंत्र असायचं, त्याला सगळे वाटाणा म्हणायचे. रोजचा एक भाग रोज उरकायचा, मग संवाद पाठ करणार कधी? काचेच्या खोपटात प्रॉम्प्टर म्हणून रुतिलिओ मास्तर बसायचे आणि सगळ्यांचे संवाद एकाच सपाट आवाजात वाचायचे. नायिका असो, खलनायक असो, नाहीतर मरणारी आई. कानात पडलं की नट त्यात आपलं रडणं-ओरडणं मिसळून ते बोलून टाकायचा. बावीस वर्षं या माणसाने सगळ्या मेक्सिकोला रडवलं, आणि स्वतः एक उसासा टाकला नाही.

मी तिथला सुतार. मास्तर त्लाश्कालातले, माझ्याच गावचे, म्हणून त्यांच्या खोपटात माझी ऊठबस. एकदा माईक बंद करायचा राहिला आणि ते मला म्हणाले, "चेमा, दार लाव रे, कमरेत गार वारा भरतोय." समोर आमचा नायक मरणाऱ्या आईच्या उशाशी बसलेला. त्याने डोळ्यांत पाणी आणलं, आईचा हात छातीशी धरला आणि हुंदका देऊन म्हणाला, "चेमा, दार लाव रे, कमरेत गार वारा भरतोय!" मरणारी आई हसता हसता खाटेवरून खाली आली. अजून आठवलं की माझं पोट दुखतं. पण त्या दिवशी एक कळलं. कानात पडतं तेच तोंडातून निघतं, मधे माणूस नसतोच.

सत्त्याऐंशीचा ऑक्टोबर. त्या दिवशी मी खोपटाच्या दाराच्या बिजागरीला तेल घालत होतो. मालिकेत एक म्हातारी दाई आपल्या मालकिणीला तिच्या बाळाबद्दल सांगते असा प्रसंग. दाईच्या कामाला एल्विराबाई. मास्तरांनी वाचलं, "बाई, तुमची मुलगी तापाने गेली. माझ्या मांडीवर गेली." मी दोन हातांवर होतो, स्वच्छ ऐकलं. मग त्यांनी दालचिनीच्या कॉफीचा पेला तोंडाला लावला.

एल्विराबाई बोलल्या, "पेटीत मूल नव्हतंच. नदीतला गोटा होता, निळ्या शालीत गुंडाळलेला. खिळे मीच ठोकले. चार. चौथा वाकला."

"कट!" दिग्दर्शक ओरडला. "वा! हे कुणी लिहिलं?"

कुणीच लिहिलं नव्हतं. कागदावर ताप होता. पण कानात वाटाणा घातलेले सेटवरचे चौघेही नट शपथेवर सांगत होते, की वाटाण्यातून गोटाच ऐकू आला. एल्विराबाई काचेशी आल्या. "मास्तर, आज घसा बसला होता का? आवाज तुमचाच, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखा."

मास्तरांची कॉफी गुडघ्यांवर सांडली होती. त्यांना ती पोळलीसुद्धा नव्हती.

मागच्या अंगणात, फळ्यांच्या ढिगावर बसून त्यांनी मला सांगितलं. धाकटी बहीण तोमासा सतरा वर्षांची असताना तिला मूल झालं. बाप कोण ते तिने सांगितलं नाही. मास्तरांच्या वडिलांनी ठरवलं, की पोर ठेवायची नाही. तोमासा तापात बेशुद्ध असताना मास्तर ती चार दिवसांची मुलगी अपिसाको गावच्या एका पाववाल्या जोडप्याला देऊन आले. येताना नदीतून गोटा उचलला, लहान मुलांसाठी असते तशी पांढरी पेटी आणली, स्वतःच्या हाताने खिळे मारले. तोमासा शुद्धीवर आली तेव्हा पेटी तयार होती; मूल गेलं म्हणून तिला सांगितलं. आता बहीणभाऊ एकाच घरात राहत होते. दोघांचीही लग्नं झाली नव्हती.

"चौथा वाकला होता?" मी विचारलं.

"वाकला होता. मी तो दगडाने आडवा चेपला. हे वडिलांनाही माहीत नव्हतं, चेमा."

भाग दाखवणार होते तीस तारखेला, संध्याकाळी सहाला. आणि तोमासाबाईंनी त्या मालिकेचा एक भाग कधी चुकवला नव्हता. मास्तर दिग्दर्शकाच्या पाया पडायचे बाकी राहिले. तो म्हणाला, "अहो, अख्ख्या भागात तेवढंच एक वाक्य खरं वाटतंय, ते कापू?" म्हणजे एकच वाट उरली. तिला टीव्हीवरून कळायच्या आत स्वतः सांगायचं.

मी रोज सकाळी विचारायचो, "सांगितलंत?"

"काल तिची दाढ दुखत होती." "काल शेजारीण आली होती." "काल ती फार खुशीत होती रे." असे तीन आठवडे गेले.

तीस तारखेला, शुक्रवारी, ते मला ओढतच घरी घेऊन गेले. तोमासाबाईंनी मृतांच्या सणाची मांडणी केली होती. झेंडूची फुलं, मेणबत्त्या, पाव, आणि मधोमध त्या गेलेल्या मुलीसाठी वस्तू. मेलेलं मूल वाढत नाही, लोक दरवर्षी खुळखुळाच ठेवतात. पण मास्तर माझ्या कानाशी पुटपुटले, ही दरवर्षी वेगळं ठेवते. आधी खुळखुळा, मग बाहुली, पाटी, केसांच्या रिबिनी, एका वर्षी लिपस्टिक, जशी काही मुलगी वाढतच होती. मी वाकून पाहिलं. या वर्षी लोकरीचं टोपडं होतं. तान्ह्या बाळाचं.

"चेमा, बस की. सुताराला उभं राहायची सवय, माहितीये मला," तोमासाबाई म्हणाल्या. "आणि दादा, तू असा का घामेजलायस? मालिका लिहितोस की काय तूच?"

सहा वाजले. दाई पडद्यावर आली. मास्तरांनी माझं मनगट धरलं. एल्विराबाईंनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या,

"बाई, तुमची मुलगी तापाने गेली. माझ्या मांडीवर गेली."

गोटा नाही, शाल नाही. नंतर, सोमवारी, मी दिग्दर्शकाला विचारलं, तर तो माझ्यावरच खेकसला, की एक अक्षर कापलेलं नाही.

मास्तरांनी माझं मनगट सोडलं. सुटले होते ते. आता जन्मभर गप्प राहता आलं असतं. तोंडावर रंग आला, टेबलावरच्या पावाकडे हात गेला, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. आणि तो हात मधूनच वळून कानावर गेला. आयुष्यात कधी वाटाणा न घातलेल्या कानावर. मग त्या सपाट आवाजात ते बोलले,

"पेटीत मूल नव्हतंच. नदीतला गोटा होता, निळ्या शालीत गुंडाळलेला. खिळे मीच ठोकले. चार. चौथा वाकला."

मेणबत्त्या जळत होत्या तशाच जळत होत्या.

तोमासाबाई उठल्या, टीव्ही बंद केला. "पेटी मी उचलली होती, दादा. चार दिवसांचं मूल एवढं जड नसतं. एकतीस वर्षं वाट पाहतेय. त्यातली बावीस वर्षं रोज सहाला इथे बसते, ती काय त्या रडक्या बायकांसाठी? त्या सगळ्यांच्या तोंडून तूच बोलत असतोस. म्हटलं, एक दिवस माझ्याशी बोलशील." मग विचारलं, "कुणाकडे आहे?"

"अपिसाकोला. पाववाल्यांकडे. नोएमी नाव ठेवलंय." हे शेवटचे शब्द सपाट नव्हते. मास्तरांचा आवाज फुटलेला मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो आवाज मला मुळीच ओळखू आला नाही.

तोमासाबाईंनी मांडणीतलं टोपडं उचललं, त्यावरची झेंडूची पाकळी झटकली आणि ते पिशवीत ठेवलं. मेणबत्त्या एकेक करून विझवल्या. भावाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"चेमा," त्या मला म्हणाल्या, "अपिसाकोची सकाळची पहिली बस किती वाजता असते रे?"