फोन माझ्याकडंच राहील

डॉक्टरांनी मला नाव विचारलं आणि मी म्हणाले, "बादली."

मला सुनंदा म्हणायचं होतं. डोक्यात सुनंदा अगदी स्वच्छ होतं. तोंडातून मात्र बादली आलं. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा बादलीच.

डॉक्टर तरुण तेलुगू बाई होत्या. सीटी स्कॅन बघून त्या माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, हिंदीत म्हणाल्या, "अम्मा को स्ट्रोक हुआ है. लकवा. दिमाग की नस में खून की गाँठ अटकी है. कब शुरू हुआ?"

उत्तर गावातून सोबत आलेल्या रेखानं दिलं. "दस बजके बीस मिनट." तिनं ते आपल्या तळहातावर पेनानं लिहून ठेवलं होतं.

गाठ विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. वेळ माहीत नसेल तर डॉक्टर ते देत नाहीत. म्हणून हे वाचणाऱ्याला पहिली गोष्ट सांगते: कोणाचं तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं बिघडलं, तर आधी घड्याळ बघा. पाणी पाजू नका, तेल चोळत बसू नका. दवाखाना गाठा.

मी अंगणवाडीची टीचर. आमचं गाव नार्नूरपासून आत. मधे नाला आहे, पावसाळ्यात सरकारी गाडी त्याच्या पलीकडंच थांबते. म्हणून गावानं मिळून एक जुनी जीप घेतली. मागची बाकं काढून स्ट्रेचर बसवलं. गंगाधर चालवतो, त्याची कापसाची शेती आहे. रेखा आशा कार्यकर्ती, ती रोग्याजवळ बसते. आणि गाडीचा मोबाईल माझ्याकडं. कोण, कुठं, काय झालं, हे विचारून मी गाडी पाठवायची. हे काम मी सहा वर्षं केलं.

सुरुवातीला एकानं बैठकीत विचारलं होतं, स्ट्रेचर कोणत्या वस्तीतली माणसं उचलतील? आम्ही बौद्ध वस्तीतले खाली बसलो होतो. गंगाधर म्हणाला, "ज्याले हात आहेत तो उचलंल. ज्याले इटाळ होते त्यानं चालत जावं." पुन्हा कोणी विचारलं नाही.

त्या सकाळी मी मुलांची वजनं घेत होते. हातातली वही पडली. उचलायला गेले तर हातच उचलेना. रेखा लसीकरणाची यादी घेऊन आली होती. तिनं मला हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला सांगितलं. उजवा हात खाली आला. तिनं तळहातावर वेळ लिहिली आणि गंगाधरला हाक मारली.

नाल्याला कमरेएवढं पाणी होतं; पाणी चढलं की गंगाधर जीप पलीकडच्या काठावर लावून ठेवतो. चौघांनी स्ट्रेचर खांद्यावर घेतलं. मी आभाळ बघत होते आणि रागावले होते. भीती नंतर आली. आधी राग आला, की ही माझी गाडी आणि मीच तिच्यात आडवी!

उटनूरच्या फाट्यावर सोबत बसलेल्या भासऱ्यांनी गाडी थांबवायला लावली. पलीकडच्या गावात लकव्यावर झाडपाला देणारा होता.

"आधी तिकडं घे. दवाखान्यात काय, सुया टोचतात नुसत्या."

"काऊन घेऊ?" गंगाधर म्हणाला. "टीचरबाईनं सहा वर्षं मले येकच सांगतलं, मधात थांबू नको. मी आदिलाबादले चाललो. तुमाले उतरा लागत असन तं उतरा."

भासरे उतरले नाहीत. आम्ही दीड वाजता पोचलो. अडीचच्या आत इंजेक्शन गेलं.

तिसऱ्या दिवशी उजवा पाय हलला. पाचव्या दिवशी हात. बोलणं मात्र आलं नाही. याला अफेझिया म्हणतात. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाही, किंवा भलताच सापडतो. डॉक्टर म्हणाल्या, "अम्मा, दिमाग ठीक है. रास्ता टूटा है. नया रास्ता बनाना पड़ेगा. कितना बनेगा, मैं नहीं बोल सकती."

भेटायला येणारे माझ्याशी मोठ्यानं ओरडून बोलत, जणू मी बहिरी आहे. काहीजण माझ्यासमोरच नवऱ्याला विचारत, "हिले समजते का?" मी चमचा फेकून मारला. डाव्या हातानं, पण नेम बरा लागला.

नवऱ्याचं नाव घेता येईना. जुन्या बायका मुद्दाम घेत नसत, मला घ्यायचं होतं तर येईना. पण एका सकाळी वॉर्डात मी बुद्धवंदना म्हणू लागले आणि ती पूर्ण, एकही शब्द न चुकता बाहेर आली. नवरा उशाशी उभा राहून रडला. डॉक्टरांनी समजावलं की पाठ असलेलं मेंदूत वेगळीकडं राहतं. मी मनात म्हटलं, म्हणजे फोनवरचे तीन प्रश्नही पाठ करता येतील.

घरी आल्यावर अंगणवाडीतले चित्रांचे तक्ते भिंतीला लावले. रोज सकाळी कोंबडा, विहीर, नाला. नाल्याला मी पंधरा दिवस माळा म्हणत होते. कोण, कुठं, काय झालं. भाकरी थापताना, केस विंचरताना, तेच.

तीन महिन्यांनी गाडीचं बघणाऱ्या गावसमितीची बैठक झाली. अध्यक्ष देवराव भला माणूस. म्हणाला, "टीचरबाई, तुमी लई केलं. आता आराम करा. फोन आता कायमचा दुसऱ्याले देऊ."

"फोन माझा," मी म्हणाले. एवढंच जमलं.

"पण तुमी अडखळता. तेवढ्यात कोणाचा जीव गेला तं?"

तो खोटं बोलत नव्हता. म्हणून मी म्हटलं, "बघा. परीक्षा."

रेखानं बाहेर जाऊन फोन लावला, साप चावल्याचं सोंग केलं. मी 'कोण' म्हटलं, आणि पुढं कुठंच्या जागी 'कोंबडा' आलं. कोणीतरी हसलं. फोन देवरावच्या पुतण्याकडं गेला.

त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्त्यांसमोर बसले.

पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा मागितली. या वेळी दहा फोन लावा म्हटलं. दहाही पार पडले. हळू, पण पार पडले. तरी देवराव विचारात पडला. तेव्हा भासरे उठले. माझ्या आजारपणानंतर ते स्वतः स्ट्रेचरला हात लावू लागले होते. म्हणाले, "हा पोरगा फोन उचलते, पन आयकून घेत नाई. मागच्या खेपेस गाडी भलत्याच गावाले गेली. हिचं बोलनं हळू आहे, पन गाडी बराबर जाईन." पुतण्यानंच मुकाट्यानं मोबाईल माझ्यापुढं ठेवला.

मी पूर्ण बरी झालेली नाही. थकले की शब्द निसटतात. उजव्या हातानं सही वाकडी येते. रेखा, गंगाधर, नाल्यात उतरलेली ती चार माणसं आणि त्या डॉक्टर, यांच्यामुळं मी जिवंत आहे, हे मी कुठंही, कितीही अडखळत सांगते. पण जिवंत राहिले ती कोपऱ्यात बसायला नाही. तुमच्या घरी असा रोगी असेल तर त्याला आराम करा म्हणण्याआधी त्याचं काम काय होतं, ते विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.

परवा दुपारी एका माणसाचा फोन आला. बायको विहिरीच्या पायरीवरून पडली होती. तो घाबरलेला, मी अडखळत.

"कोण... कुठं?"

तो चिडला. "बाई, नीट बोला ना! तिथं दुसरं कोनी नाई का?"

"नाही," मी म्हटलं. "मीच आहे. गाव सांग."