पेटीचा बारावा खण

२०२३ साल. मी शहात्तर वर्षांचा होतो आणि माझे दोन्ही कान शाबूत होते. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं कानांचंच आहे.

शाळा चौथीपर्यंत. इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नाही. पण ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणजे काय हे शहादा तालुक्यात मला जितकं कळतं तितकं कुणाला कळत नाही, असं मी पस्तीस वर्षं म्हणत आलो आणि आजही म्हणतो. कुणाला पटत नसेल तर त्याने माझ्या ओसरीवर यावं.

मी साखर कारखान्यात पॅनमन होतो. आटवलेला रस मोठ्या बंद भांड्यात शिजतो, त्यात साखरेचा दाणा धरतो आणि तो दाणा वाढवत न्यायचा असतो. चार-पाच तास लागतात. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, उजेडात धरायचा, अंगठ्याने चोळून बघायचा. घाई करणाऱ्याचं ते काम नाही.

तेव्हाचे केमिस्ट साहेब पुण्याकडचे. एकदा दुपारी निरोप घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेलो तर आत टेप चालू होता. गाणं म्हणावं तर गाणारा माणूस मधेच कुठे गायब झालेला. चाल बदलली, वेग बदलला, परत बदलला. मी दारात उभा. निरोप सांगायचा राहून गेला. कॅसेटची बाजू संपली तेव्हा साहेबांनी विचारलं, “कळतं का काही?”

मी म्हटलं, “साहेब, हे पॅनसारखं आहे. आधी पातळ, मग दाणा धरतो, मग जड होत जातं. आणि एकदा जड झालं की मागे जात नाही.”

साहेब आधी हसले. मग हसायचे थांबले आणि त्यांनी मला खुर्ची दिली. कारखान्यात मला खुर्ची देणारा तो पहिला साहेब.

बदली झाली तेव्हा त्यांनी तो टेप आणि कॅसेटची पेटी मला दिली. पेटीत बारा खण, कॅसेट अकरा. झाकणाच्या आत त्यांनी माझ्यासाठी मराठीत कागद लिहून चिकटवला: प्रोग्रेसिव्ह रॉक. मी अकराही कॅसेटवर मराठी आकडे घातले. बारावा खण रिकामा राहिला.

त्या खणासाठी पस्तीस वर्षं एक माणूस माझ्या मागे लागला होता.

तो माझ्याच पाळीत, पण साखर गाळणाऱ्या यंत्रांवर. भरायचं, गरगर फिरवायचं, उतरवायचं, परत भरायचं. दर काही मिनिटांनी तेच. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, चिंचपाड्याकडचा, डोंगरातला, ख्रिस्ती. रविवारी चर्चमध्ये हार्मोनियम वाजवायचा. आम्ही तापीकाठचे, बागायतीवाले. मी त्याला बरोबरीने वागवत होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो मला दादा म्हणायचा, आणि दादा म्हणतो तर ऐकून घेईल एवढंच मी बघायचो.

अकराही कॅसेट मी त्याला ऐकवल्या होत्या. पुढे त्याने सुरतेच्या बाजारातून स्वतःची एक आणली. परदेशीच, पण सगळं यंत्रातलं. चिमण्या चिवचिवतात तसे आवाज, बेडकासारखी टुणटुण, आणि नाक दाबून गाणारा एक माणूस. तीन-तीन मिनिटांची गाणी. तो कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, “दादा, हाऊ बी तोच माल शे. तुन्हा पेटीतला.”

मी अर्धा मिनिट ऐकलं आणि बटण दाबलं. म्हटलं, “ही पिपाणी आहे. जत्रेत मिळते, दोन रुपयाला.”

कॅन्टीन हसलं. त्या दिवसापासून त्याचं नाव पिपाणी पडलं. हजेरीवालासुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. मला वाईट वाटलं नाही. मी ठेवलेलं नाव टिकलं, याचं बरंच वाटलं.

तो चिडायचा नाही, हाच त्याचा दोष. वर्षातून दोन-तीनदा यायचा आणि म्हणायचा, “दादा, एकदाच शेवटलगून आयक.” मी कधीच ऐकलं नाही. उलट बाराव्या खणात मी माझी चुन्याची डबी ठेवायला लागलो आणि तो आला की मुद्दाम पेटी उघडून चुना काढायचो. त्याच्या निरोपसमारंभात सगळ्यांनी शाल-नारळ दिलं. मी कागदात गुंडाळून खरोखरची पिपाणी दिली. त्याने ती सगळ्यांसमोर वाजवली. लोक पोट धरून हसले आणि तोही हसला. त्याची बायको तेवढी हसली नाही.

तर २०२३. उन्हाळ्यात त्याचा फोन आला. तो ओरडून बोलत होता, म्हणजे त्यालाच स्वतःचं ऐकू येत नव्हतं. त्याच्या बापाचेही कान असेच गेले होते. “दादा, मन्हा कान जाई ऱ्हायनात. डॉक्टर म्हने, पुढला वरीसलगून काहीच ऐकू येवाव नही. त्याना आधी फैसला करी टाक. हा की नही, तू सांगशी ते.”

मी म्हटलं, ये.

चिंचपाड्याहून रेल्वेने नंदुरबार, तिथून एसटीने आमच्या फाट्यावर, मग भर उन्हात चालत. दुपारी बाराला पोचला. पांढरा सदरा घातलेला, चर्चला जाताना घालतात तसा. खिशात ती कॅसेट. माझ्या बायकोने पाणी दिलं, वरण-बट्टी वाढली. तो खाताना एक कान ताटाकडे वळवून बसला होता, ताटही बोलणार असल्यासारखा.

मी अट घातली. शेवटपर्यंत ऐकेन, मात्रा मोजेन. गाणं पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत एकाच चालीत चाललं तर तो नुसता बाजा, पेटीत जागा नाही. खाली काही हललं, बदललं, तर पुढचं बोलू. साहेबांनी मला हीच पारख शिकवली होती. त्याने मान हलवली. त्याचं गाणं दुसऱ्या बाजूला होतं. तो टेपच्या इतका जवळ बसला की त्याचा गाल जाळीला लागला.

चिमण्या सुरू झाल्या. मग टुणटुण. मग नाक दाबलेला. मी डोळे मिटले आणि अंगठ्याने पेरं मोजायला लागलो. करंगळीची तीन, तिच्या शेजारच्या बोटाचं एक, की परत करंगळी. चार. चार. चार. लग्नाच्या वरातीतही हेच असतं. मी मनात म्हटलं, झालं, संपला विषय.

मग खालचा जाडा आवाज आला. तो या गाण्यात आधीपासूनच होता, कॅन्टीनमध्ये मीच अर्ध्या मिनिटात बटण दाबलं होतं. तो चारवर वळेना. मी अंगठा पुढे नेला. करंगळीची तीन, शेजारची तीन, मधल्या बोटाचं पहिलं पेर. तिथून तो मागे गेला. परत तसंच. सात. वर चिमण्या चारच्या हिशोबाने नाचताहेत आणि खाली हा सातच्या हिशोबाने आपल्या वाटेने चाललाय. अठ्ठावीस मात्रा झाल्या की दोघं एका जागी येतात आणि लगेच फुटतात. नाक दाबलेल्याला त्याचा पत्ताच नाही, किंवा त्याला पूर्ण पत्ता आहे आणि तो आपली गंमत बघतोय.

माझ्या अकरा कॅसेटमध्ये असं कुठेच नव्हतं. असतं तर मला माहीत असतं.

गाणं संपलं. मी डोळे उघडले. तो माझ्याकडे बघत होता. “मोजं ना दादा?”

“मोजलं.”

“मंग?”

“चार. पहिल्यापासून शेवटपर्यंत चार. बाजाच आहे.”

हे मी सहज बोललो. जीभ अडखळली नाही.

तो हसला, पण वेगळंच. त्याने आपला हात वर केला आणि अंगठ्याने दाखवलं: करंगळीची तीन पेरं, शेजारची तीन, मधल्या बोटाचं पहिलं. तिथे अंगठा थांबवला. कारखान्याच्या आवाजात आम्ही सगळी हयात हातांनीच बोललो होतो. किती झालं, थांब, सोड, सगळं बोटांनी. ज्याचे कान जात चाललेत तो समोरच्याचे हात वाचणार, हे मला सुचायला हवं होतं.

“सात मोजात तू,” तो म्हणाला. “मी दखं.”

आतून बायको म्हणाली, “त्याले हा म्हनाले तुमनं काय जास?”

दोघांनी मिळून मला कोंडीत धरलं. माझ्या घरात, माझ्या ओसरीवर, माझ्याच टेपसमोर. मी त्याच्या कानाशी वाकलो आणि त्याला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो. आमच्या बोलीत बोललो, म्हणजे शब्द चुकायला नको.

“तुन्हा कान तं गयात. तुले काय समजस, कोनतं गानं आनि कोनता बाजा? चर्चमा जाई पेटी वाजाड, तठे कोनी मोजत नही.”

हे त्याला पूर्ण ऐकू आलं. त्याच्या तोंडावर दिसलं.

तो उठला. टेपमधून कॅसेट काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली. मला वाटलं, खिशात घालेल. ती त्याने पेटीवर ठेवली. “ऱ्हाऊ दे. माले आते काय कामनी?” बायकोला नमस्कार केला. मला केला नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला नमस्कार केला नाही. फाट्यापर्यंत तो दिसत होता. मागून ट्रॅक्टर भोंगा वाजवत होता आणि हा रस्त्याच्या मधून चाललेला. ट्रॅक्टरवाल्याने शिवी दिली. तीही त्याला ऐकू गेली नसावी.

रात्री बायकोने माझं ताट ओसरीवर आणून ठेवलं आणि ती आत गेली.

मी चुकलो असं मी इथे लिहिणार नाही. सात होते, एवढंच लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी पेटी घेऊन ओसरीवर बसलो. बाराव्या खणातली चुन्याची डबी काढून बंडीच्या खिशात टाकली. खणात चुना सांडला होता, तो ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला. त्याच्या कॅसेटवर पेनाने १२ घातला. दोनचा आकडा वेडावाकडा आला, म्हणून परत गिरवला. कॅसेट खणात ठेवली. ती तिथे बरोबर बसली. झाकण लावलं.

तेवढ्यात बायकोचा मोबाईल वाजला. त्याच्या नातीचा फोन होता. बायकोने ऐकलं आणि मोबाईल छातीशी धरून मला विचारलं, “ती इचारस, आजानी कॅसेट पेटीमा ठेवी का?”

माझा हात झाकणावरच होता.

“सांग तिला,” मी म्हटलं, फोनमध्ये जाईल इतक्या मोठ्याने, “भंगारवाल्याला दिली.”