हलव्याचे दागिने आणि कापडी टप

क्रॉयडनहून आम्ही निघालो तेव्हा माझ्या गाडीच्या टपावर बर्फ होतं, टपाच्या आतल्या बाजूला बर्फ होतं, आणि त्याच्या खाली मी आणि माझ्या सासूबाई. माझी गाडी सॉफ्टटॉप. म्हणजे डोक्यावर पत्रा नाही, कापडाचा टप, हवा तेव्हा मागे दुमडायचा. जुलैत ही जुनी गाडी घेतली तेव्हा काय ती ऐट! केस उडवत समुद्रकिनारे पालथे घालायचे बेत होते. या देशात जुलैनंतर जानेवारीही येतो, हे मी अगदी सोयीस्करपणे विसरले होते. आणि यंदाची थंडी तर विचारूच नका. कुंडीतल्या मातीचा दगड झाला होता आणि शेजारची मांजर दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हती.

"मुग्धा, ही गाडी आहे की तंबू?" आईंनी टप बोटानं दाबून पाहिला.

"तुम्ही बसा तर खरं, आई."

आई दोनच दिवसांपूर्वी पुण्याहून आल्या होत्या. माझी नणंद रश्मी नॉटिंगहॅमला असते. तिची ओवी दिवस भरायच्या बऱ्याच आधी जन्मली आणि कित्येक आठवडे हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत होती. नेमका तेव्हाच आईंचा व्हिसा रखडला. इकडे लेक फोनवर रडतेय, तिकडे आई देवघरात बसून आहेत, असे ते दिवस. आता ओवी सहा महिन्यांची झाली होती, घरी आली होती, आणि तिच्या आजीनं तिला अजून एकदाही हातात घेतलं नव्हतं. आज दुपारी तिचं बोरन्हाण होतं. बर्फामुळे ट्रेन रद्द, माझा नवरा निनाद ऑफिसच्या कामाला एडिंबरात अडकलेला. उरलं कोण? मी आणि तंबू.

आईंच्या मांडीवर साडीचा खोका होता. त्यात ओवीसाठी हलव्याचे दागिने: मुकुट, हार, बिंदल्या, कंबरपट्टा. हलवा आईंनी स्वतः केला होता. परातीत तीळ घेऊन, थेंब थेंब पाक घालत, हातानं फिरवून फिरवून काटा आणलेला. विमानातसुद्धा हा खोका त्यांनी कुणाला धरू दिला नव्हता. जेवण आलं तरी नाही.

मोटरवेला लागेपर्यंत सगळं छान चाललं होतं. मी हीटर पूर्ण सोडला होता, बोटांत जीव येत होता. दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र शेतं, त्यात वाटोळ्या मळक्या मेंढ्या. आई म्हणाल्या, "अगं, इथल्या मेंढ्यांना बरं आहे, स्वतःचीच लोकर घालून बसतात." आणि तेवढ्यात टपकन एक थेंब त्यांच्या नाकावर पडला. मग दुसरा, खोक्यावर. हीटरच्या उबेनं टपाच्या आतलं बर्फ वितळायला लागलं होतं!

आईंनी झाकण उचललं, हाराला हात लावला आणि किंचाळल्या, "चिकटतोय! मुग्धा, बंद कर तो हीटर! हलवा थंडीत करतात ते उगाच नाही. ऊब लागली की गेलाच."

मी हीटर बंद केला. थेंब थांबले, पण समोरची काच आमच्या श्वासानं धुरकट व्हायला लागली. मी एका हातानं पुसतेय, ती परत भरतेय.

"आई, रागावू नका हं," मी भीत भीत म्हणाले, "पण तुम्ही बोललात की काच जास्त भरते."

"म्हणजे मी तोंड मिटून बसू?"

आता बघा, जगातल्या तमाम सुनांना जे वाक्य आयुष्यात उच्चारता येत नाही, ते मी रस्त्याच्या सुरक्षेसाठी उच्चारलं होतं. मी ओठ चावून हसू दाबलं. आईंनी मफलरनं तोंड बांधून घेतलं आणि पुढचा बराच रस्ता नुसत्या डोळ्यांनी माझा उद्धार केला.

लेस्टरच्या अलीकडे काही दिसेनासं झालं तशी मी गाडी सर्व्हिसेसला (मोटरवेवरचा थांबा) घेतली. आम्ही चिप्स घेतल्या. आईंनी त्यावर व्हिनेगर घालून पाहिलं आणि "लोणच्याचं पाणी सांडलंय जणू" म्हणत सगळ्या संपवल्या. शेजारच्या टेबलावर एक ट्रकवाले काका चहा पीत होते. काच फार भरते, काय करू, असं मी त्यांना विचारलं.

"हीटर लाव," ते म्हणाले.

"हीटर चालत नाही. साखरेचे दागिने आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे पाहिलं. "मग टप उघड, मी डक," ते हसत हसत म्हणाले. 'मी डक' म्हणजे तिकडचं 'बाळा'. बिचाऱ्यांनी चेष्टा केली होती. पण मी तिचं भाषांतर करून आईंना सांगितलं आणि आई उभ्याच राहिल्या.

"बरोबर बोलला तो! छप्पर नाही तर गळणार काय? काच तरी कशी भरणार? उघड!"

"आई, गारठून जाल!"

"मी गारठेन, पण हलवा राहील. उघड म्हणते ना."

खिट्ट्या गोठल्या होत्या. मी ओढतेय, आई बुक्क्या मारतायत. शेवटी टप मागे गेला आणि त्याच्यातली प्लास्टिकची मागची खिडकी कट्टकन तडकली. गेली! पण वर आभाळ असं काही निळं होतं की मला रडू येईना.

मग काय सांगू! मोटरवे सोडून आम्ही आतल्या रस्त्यानं निघालो. कोरडी, चरचरीत थंडी, लखलखीत ऊन, दोन्हीकडे बर्फानं लगडलेली कुंपणं. डोक्याला माकडटोप्या, गुडघ्यांवर गोधडी, मध्ये खोका. नाक माझं आहे की नाही ते कळत नव्हतं. आईंनी मफलर सोडला आणि मघापासून साठलेलं सगळं बोलून घेतलं. मग एकदम ओरडल्या, "मुग्धे, मज्जा येतेय गं!" एका सिग्नलला शेजारच्या व्हॅनवाल्यानं काच खाली करून विचारलं, उन्हाळा आला की काय? आईंनी त्याला तिळाची वडी दिली. आम्ही खिदळत होतो, अक्षरशः वेड लागल्यासारख्या.

नॉटिंगहॅमला रश्मीच्या दारात पोचलो. टप काही केल्या मिटेना, तो तसाच सोडून आत धावलो. खोका उघडला. एक दाणा हलला नव्हता! काटेसुद्धा जसेच्या तसे.

काळं झबलं घातलेली ओवी पाटावर, रश्मीच्या मांडीत. आईंनी आधी हात चोळून गरम केले, मग मुकुट तिच्या डोक्यावर ठेवला. तो कपाळावरून घसरला, कानांवरून घसरला, आणि खांद्यावर जाऊन बसला. बिंदल्या मनगटांत राहीनात. रश्मीचे डोळे भरले.

"शेजारच्या वैद्यांच्या नातवाचं माप घेतलं होतं गं," आई हळूच म्हणाल्या. "तोही सहा महिन्यांचाच आहे."

वाटेत आम्ही दागिन्यांना एवढं जपलं, आणि ज्या लेकरासाठी जपलं ते केवढंसं आहे, हेच आम्हाला कुणाला आईंना नीट सांगवलं नव्हतं. पण आईंनी बिंदल्या उचलून ओवीच्या दंडांवर चढवल्या. "राहू दे मुकुट गळ्यात. दोन हार झाले, मिरवेल!" ओवीनं मुकुट मुठीत धरून तोंडात घातला, गोड लागला तशी चोखायला लागली, आणि मग बोरं, चुरमुरे, चॉकलेटं यांचा जो वर्षाव झाला!

दुसऱ्या दिवशी मी एकटी परतले. रश्मीच्या नवऱ्यानं टप कसाबसा चढवून खिडकीला चिकटपट्ट्या मारून दिल्या होत्या. हीटर लावून, उबेत बसून आले. या देशात आल्यापासून मी थंडीला नुसत्या शिव्या घातल्या. त्या दिवशी मात्र वाटलं, अजून जरा पडली असती तरी चाललं असतं.

निघताना मी दोऱ्यानं ओवीच्या मनगटाचं माप घ्यायला बसले होते. म्हटलं, पुढच्या संक्रांतीचे दागिने तरी नेमके होतील. आईंनी माझ्या हातातून दोरा काढून घेतला आणि चुरगळून टाकला.

"वेडी का खुळी तू? पुढच्या वर्षी हे माप राहणार आहे थोडंच!"