फुलावर आलेला तालिमखाना

"मावशी, हाच तालिमखाना ना?" लातूरच्या एका औषध कारखान्याचे खरेदी साहेब मोबाइल माझ्या नाकापुढे धरून विचारत होते.

"न्हाई. ही काटेकोरांटी हाय. हिचं फूल पिवळं. कोरड्या बांधावर येती."

"मोबाइल तर तालिमखाना सांगतोय."

"मंग मोबाइललाच बी गोळा करायला लावा."

माझी जाऊ सखू हसली. साहेब नाही हसले. "एवढी वर्षं करता म्हणता, तर खरा दाखवा की. का तुम्हालाही ठाऊक नाही?"

इस्लापूरच्या बाजूला औषधी झाडपाला गोळा करण्यात माझा जन्म गेला. आमच्यात रीत आहे, बी पिकेपर्यंत जागा कुणाला दाखवायची नाही. सख्ख्या लेकीलाही नाही. तालिमखाना दरवर्षी बियांतूनच उगवतो. म्हणून पिकलेलं बी अर्धं घ्यायचं, अर्धं तिथंच झाडायचं. सखूनं मला कोपर मारलं. मला राग आला होता. मी निघाले.

आसपास तालिमखान्याचा असा एकाच तळ्याचा काठ उरला होता. हिवाळ्यातलं आमचं दोघींचं सगळं काम त्याच्यावर.

"हे बघा. चिखलातच येतो. दर पेराला काट्यांचं कडं. सहा काटे, मोजा. मधी जांभळं फूल."

साहेबांनी मोजले. बोटातून रक्त निघालं. मग फोटो काढले, सॅम्पल घेतलं, लोकेशन टाकलं.

"बी पिकायला दोन महिने हायेत, साहेब. तवर हात लावू नका."

"हो हो, मावशी."

पंधरा दिवसांनी गेलो तर काठ भादरलेला. सगळं मुळासकट उपटून टेम्पोतून नेलं होतं. मी फोन लावला.

"बी हिरवं हाय, साहेब."

"वाळेल की."

पिकलेलं बी जिभेवर ठेवलं की चिकट होऊन टाळूला बसतं. आमची परीक्षा तीच. हिरवं बी वाळवलं तर नुसता भुसा होतो. लॅबनं सगळा माल रिजेक्ट केला. हे साहेबांनीच कळवलं आणि वर विचारलं, "दुसरी जागा आहे का, मावशी?"

यंदा तळं भरलं. काठावर नुसती बेशरमाची झुडपं उगवली आहेत. मी दोनदा चक्कर मारून आले, तालिमखान्याचं एक रोप नाही. सखू माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

झाड मी बरोबर ओळखलं होतं. फुलावर असताना जागा विचारली, तर आपल्याला काही येत नाही म्हणावं आणि घरी जावं.