परतवाडा आलं की मनू झोपते

आम्ही अचलपूर सोडलं ते तान्ह्या पोळ्याच्या सकाळी. मुद्दामच. थोड्या वेळात गल्लीतली पोट्टी आपापले लाकडी बैल सजवून बोजारा मागायला दारोदार फिरणार, खाऊ आणि नाणी गोळा करणार, आणि आमच्या दाराशी येऊन कोणीतरी विचारणार, "मनू काहून नाही आली?" त्याच्या आत मला बस गाठायची होती.

मनू माझी मुलगी. तेव्हा तीन वर्षांची झाली होती आणि आधाराशिवाय उभी राहत नव्हती. जन्मताना तिला श्वास घ्यायला उशीर झाला, त्याचा फटका पायांना बसला आणि थोडा जिभेला. डोकं मात्र लख्ख. हे आम्हाला घरात माहीत होतं. गल्लीत तुम्हा सगळ्यांना मी सांगायची, "उशिरा चालणार बाई ती, तिचे बाबाही असेच होते." तिचे बाबा बिचारे वर्षाचे व्हायच्या आत अंगणभर पळत होते म्हणे.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नातीसाठी सुताराकडून दणकट बैल करवून घेतला होता. खाली चाकं, शिंगं लालभडक. निघताना तो त्यांनी आमच्या पिशव्यांजवळ आणून ठेवला. मी तो परत पलंगाखाली सरकवला. म्हटलं, अमरावतीला एकच खोली आहे, जागा नाही.

"जागेचं सोंग नको करू," ते म्हणाले. "काहून लपवून राह्यली तू तिले? पोट्टी हाय ते, चोरीचा माल नाही."

ऑटोत बसल्यावर मनूच्या पायांवर शाल टाकली, भर उकाड्यात.

तुम्हाला सांगितलं होतं की मला अमरावतीला बी.एड. करायचंय. कसलं बी.एड. न् काय! तिथे एक बालवाडी सापडली होती, जिथे मनूसारखी मुलं बाकीच्या मुलांमध्येच बसतात. आपल्या इथल्या बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, "चालाले लागली का आणा." तुमच्यातल्या काहीजणी माझ्यामागे बोलल्या, सासू नाही, नवरा नोकरीपायी बाहेरगावी, म्हणून सून मोकाट सुटली. तेही मी खुशाल ऐकून घेतलं. मोकाट म्हणा, शिकायचं वेड लागलं म्हणा, फक्त मनूबद्दल काही म्हणू नका, असा माझा हिशोब होता.

बालवाडीच्या पहिल्या दिवशी मी तिला पायघोळ सलवार घातली, आत गुडघ्यापर्यंतचे प्लास्टिकचे स्प्लिंट दिसू नयेत म्हणून. तिथल्या ताईंनी ती सरळ वर दुमडली. पोरं गोळा झाली. कोणी टकटक वाजवून पाहिलं. एकानं विचारलं, "हे कडक काहून हाय?" मनू सावकाश म्हणाली, "पाय सरळ व्हाले." झालं, विषय संपला. सगळी वाळूच्या ढिगाकडे पळाली आणि मनू वॉकर ढकलत त्यांच्यामागे. तिच्या खुर्चीला कमरेचा पट्टा आहे, तर बाकीच्यांनाही आपापल्या खुर्चीला पट्टा हवा म्हणून भांडणं लागली. मी फाटकाबाहेर उभी राहून रडले.

अमरावतीत मी वेगळीच बाई झाले. भाजीवालीलासुद्धा फिजिओ, थेरपी, वॉकर असं सगळं धडाधड सांगते. पण ही सगळी मर्दुमकी तिथेच. सणावाराला घरी यायला निघालो की अचलपूरसाठी उतरायचा परतवाड्याचा स्टँड जवळ आल्यावर मी तिचे स्प्लिंट काढून पिशवीत टाकायची, तिचं डोकं खांद्यावर दाबायची आणि म्हणायची, "झोप आता." तशीच उचलून गल्लीतून घरात. तुम्ही म्हणायच्या, "लय झोपते बाई तुमची पोट्टी." मी हसायची.

यंदा बालवाडीत आदल्या दिवशीच तान्हा पोळा केला. सगळ्यांचे बैल आले, मनूचा नव्हता. ती ताईंना म्हणाली, "माझा आजोबाकडे आहे. मोठा आहे." मग तिनं माझ्यामागे धोशाच लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले मी. या वेळी स्प्लिंट काढायचे नाहीत, असं बसमध्ये मनाशी पक्कं केलं. मोठी शूर!

परतवाडा आलं. कंडक्टरनं आवाज दिला. मी पिशव्या आवरून वळते तर मनूनं स्वतःच स्प्लिंटचे पट्टे सोडले होते. दोन्ही स्प्लिंट तिनं माझ्या मांडीवर ठेवले, डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि डोळे मिटले.

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच राहिली नव्हती.

स्टँडवरच्या बाकावर बसून मी तिला ते परत चढवले. "उठ मनू, आज नाही झोपायचं," म्हटलं. पण तिनं डोळे घट्ट मिटूनच ठेवले. ऑटोतही. गल्लीच्या तोंडाशी काकू, तुम्ही विचारलं, "झोपली का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "हो." जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

उंबरा ओलांडताना कानाशी बारीक आवाज आला, "घर आलं का?" तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले.

मामाजींनी पलंगाखालून बैल काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. मनूनं त्याची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि ढकलत ढकलत, मध्ये एकदा आपटत, ओसरीपार दारापर्यंत आली. बाहेर पोट्ट्यांचा कालवा ऐकू आला. ती थांबली. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "आई, झोपू का?"

मामाजींचा हात कडीवर होता. ते माझ्याकडे पाहत राहिले.

"नको," मी म्हटलं. त्यांनी दार उघडलं, मनूनं बैल गल्लीत ढकलला, आणि पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच.

लोक विचारतात, घर कुठलं? अमरावतीची खोली की अचलपूर? मला आता एवढंच कळतं की मनू जिथे डोळे उघडते ते तिचं घर, आणि तुमची आमची गल्ली मीच तिच्या घरातून बाहेर काढून ठेवली. दिवाळीला आम्ही येऊ. एका दिवसात तिची सवय जाणार नाही, माझीही नाही. ती माझ्या खांद्यावर डोळे मिटून दिसली तर मला काही विचारू नका. तिला हाक मारा. ती जागीच असते.