रसायनमामांचा रिकामा चौकोन

शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्या लावलेल्या रसायनमामांनी निवृत्तीनंतर घरच्या भिंतीवर मूलद्रव्यांच्या तक्त्यासारखा नातेवाइकांचा तक्ता काढला. एका स्वभावाची माणसं एका उभ्या रांगेत. भडकणारी डावीकडे, कुणातच न मिसळणारी उजवीकडे. भडकणाऱ्यांत एकाखाली एक असे दोन चौकोन मात्र रिकामे होते.

"इथला माणूस बुटका, डावखुरा, पाणी दिसलं की पेटणारा. आहे नक्की, अजून सापडला नाही एवढंच," वरच्या चौकोनावर बोट ठेवून मामा म्हणाले.

"डोक्यात खूळ शिरलंय," मामी म्हणाल्या.

तेवढ्यात गळका नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. बुटका. डाव्या हातात पाना. पाण्याचं थारोळं पाहताच त्याने घर डोक्यावर घेतलं. मामांनी आनंदाने त्याला चौकोनात लिहिलं.

"आणि माझ्याखाली कोण?"

"खाली जावं तसा भडका वाढतो."

प्लंबर एकदम मवाळला. "आमच्या आईला तुम्ही कधी भेटलात?"