बाजेवरची सतरंजी

त्या दिवशी सकाळी मी वावरात निघालो तेव्हा वत्सला ओट्यावर उभी होती. म्हणाली, "आल्यावर बाजेची दोरी कसून घ्या. झोळ पडला. एखादा जावई बसन अन् पडन खाली." मी हाव म्हटलं. दुपारी तुरीच्या वावरात शेजारच्या पार्बताबाईचा सांगावा आला, लवकर या... आलो तर सारी गल्ली आमच्या ओट्यावर, अन् माझी बायको त्याच झोळ पडलेल्या बाजेवर निजलेली. बोलता आलं असतं तर पहिले मलाच रागावली असती.

शिक्षण माझं जेमतेम. झालं तसं लिहितो.

आम्हाला लेकरू झालं नाही, जावई मात्र पुष्कळ. कसे, ते सांगतो. लई वर्षं झाली, आर्णीच्या बाजारादिवशी एक बाई कडेवर लेकरू घेऊन बसस्टँडवर बसली होती. बाजार उठला तरी बसलेलीच. ओठ फुटलेला. वत्सला तिला घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा शिव्या देत दारात. मी काठी शोधून राह्यलो होतो, तर हिनं बाजेवर सतरंजी टाकली, पाय धुवायला पाणी दिलं अन् म्हणाली, "बसा जावईबापू." गडी भांबावला अन् बसला. मग हिनं गल्लीत हाक मारली, "या वं बायाहो, जावई आले!" जावई आला म्हणजे माहेरच्या बाया पाहायला येणारच. आल्या, भोवती बसल्या. एक म्हणाली, "आमच्या लेकीले काहून मारलं, बापू?" दुसरी म्हणाली, "भाजीत मीठ कमी झालं म्हनून ओठ फोडता काय?" काठीला त्यानं काठी काढली असती. मानपानाला काय काढणार?

तेव्हापासून अशा कितीक बाया आमच्या दारी आल्या. परत जायचं की नाही, हे बाईनंच सांगायचं, हा हिचा कायदा. नाही म्हणाली तर तिच्यासाठी एका घरून पीठ यायचं, दुसऱ्या घरून लुगडं. कोणी कापूस वेचायला संग नेई, पार्बताबाई ठाण्यात संग जाई. लेकरं इथल्याच शाळेत. आमच्या खोल्या दोनच, पण गल्ली मोठी.

वत्सला गेली तेव्हा महागावकडची रेखा दोन पोरींसंग आमच्याकडे होती. तेरवी झाली अन् तिचा नवरा मोटरसायकलवर आला. "बुढी मेली म्हने. आता चाल गुमान." रेखाची भाकर तव्यावर करपली. पोरी धान्याच्या कोठीमागं लपल्या. मला बोलता येत नाही. आमच्या संसारातलं बोलणं सारं हिनंच केलं... मी खुंटीवरची सतरंजी काढली, बाजेवर टाकली. म्हटलं, "बसा जावईबापू."

तो हसला. "बुढ्या, तुह्या पोरीसंग लगन लागलं काय माह्यं?"

"हाव. बस."

बसला तो, झोळात रुतला. दोरी कसायची राहूनच गेली होती. मी हाक मारली नाही. बाजेवर सतरंजी दिसली की जावई आला, हे गल्लीला ठाऊक. पार्बताबाई पिठाचे हात घेऊनच आली.

"काहून बापू, सासूच्या तेरवीले नाही आले? आता आले तोंड घेऊन?"

मागून बाकीच्या आल्या. ओटा भरला. त्याला झोळातून उठताही येईना. मग पार्बताबाईनं दाराकडे पाहून विचारलं, वत्सला विचारायची तसंच, "बोल माय, जातं काय?"

रेखा उंबऱ्यात आली. आमच्याकडे आल्यापासून ती पुटपुटायचीच. "मी नाही येत," म्हणाली, ते पलीकडच्या घरांच्या ओळीत ऐकू गेलं.

गडी गेला. चहा मात्र पिऊन गेला.

मला वाटलं होतं, इतक्या लेकींचं माहेर वत्सलेसंगच जळालं. नाही जळालं. गल्लीतल्या बायांनी राखलं. त्यांना हात जोडतो, दुसरं काय देऊ.

रेखा सतरंजीची घडी करून पेटीत ठेवायला निघाली. म्हटलं, "आत नको नेऊ, पोरी. खुंटीवर राहू दे, हाताशी." मग मी बाज उलटी केली अन् दोरी कसायला बसलो. बोटांत आता जोर नाही. दुसरं टोक रेखानं धरलं.